वाळ्याचं पाणी

माझ्या गळ्यातली गाठ पहिल्यांदा दिसली ती माझ्या लेकीला, आणि तीही मी पाणी पीत असताना. लालबागला आईबाबांच्या खोलीत, ऑफिसातून आल्या आल्या, उभ्याउभ्याच. तांब्या वर धरून, तोंड न लावता घटाघटा प्यायची आमच्या घरची पद्धत. जुई तेव्हा दुसरीत होती. खाली बसून गृहपाठ करत होती, वर बघून म्हणाली, "आई, तू पाणी पितेस ना, तेव्हा तुझ्या गळ्यात काहीतरी वर जातं आणि खाली येतं."

मी म्हटलं, सगळ्यांचंच जातं, गप अभ्यास कर. पण ती माझीच पोरगी. उठली, आजीला पाणी प्यायला लावलं, आजोबांना लावलं, दोघांचे गळे निरखून बघितले आणि निकाल दिला. आजीचं काहीच हलत नाही, आजोबांचं हलतं पण मधोमध, तुझं मात्र एका बाजूला.

त्या निकालावर मी तीन महिने काहीही केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारातून उठलेली माणसं नंतर स्वतःला फार शहाणी करून सांगतात. गाठ दुखत नव्हती, आणि आमच्याकडे जे दुखत नाही त्याला आजार म्हणायची पद्धत नाही. पुढे इस्पितळाच्या बाकावर नंबराची वाट बघत बसले, तेव्हा वाटायचं की ह्यातून गेलेलं कुणीतरी शेजारी येऊन बसावं आणि काहीही लपवून न ठेवता बोलावं. कुणी आलं नाही. म्हणून मी बोलते.

*

आधी ड्रमाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मीही दुसरीतच होते. बाबा एका मिलच्या रंगखात्यात बदली कामगार. म्हणजे कायमचा माणूस गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागेवर उभं राहायचं. सकाळी गेटवर जायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर डबा घेऊन परत घरी. संपाच्या दिवसांत बाबा चाळीचाळीतून धान्य गोळा करत फिरायचे. दार वाजवायचं, मूठभर तांदूळ मागायचे आणि ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याच्याकडे पोचवायचे. आमच्याही घरात तेव्हा पेजेवर दिवस निघत होते, पण बाबांना दारोदार फिरायची लाज कधी वाटली नाही.

संप फसला. मिल अर्धीमुर्धी उघडली, बाबांना आत घेतलं नाही. मग तीही बंद पडली. मी सहावीत असताना भंगाराच्या ठेकेदाराने शेड मोकळी करायला रोजावर माणसं घेतली, त्यांत बाबाही लागले. ज्या मिलच्या गेटवर नाव पुकारायची वाट बघत उभे राहायचे, तीच मिल आता पाना-हातोडा घेऊन सुटी करत होते. शेवटच्या दिवशी मुकादम म्हणाला, त्या कोपऱ्यातला एक ड्रम उचल आणि घेऊन जा.

ड्रम प्लास्टिकचे, दोन तऱ्हेचे होते, रंगाचे आणि साबणाचे. बाबांनी नीट विचार केला. रंगाचा नको, तो विषारी, आपलं पोराबाळांचं घर. कापडावरचं तेल काढायला मिलमध्ये एक दाट, पिवळसर औषध यायचं, त्याला सगळे साबणच म्हणायचे. त्याचा ड्रम घ्यावा. ज्यात साबण होता त्याहून स्वच्छ ड्रम कुठे मिळणार? ड्रम डोक्यावर घेऊन बाबा चालत घरी आले. तीन दिवस गच्चीवर तो सोडा, चिंच आणि राख लावून धुतला. दर खेपेला पाणी ओतलं की फेस यायचा, आणि फेस आला की बाबांना हुरूप चढायचा. "बघ, कसो साफ होता," असं मला हाक मारून दाखवायचे. फेस येतो म्हणजे आत अजून काहीतरी उरलंय, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

तोवर आमच्याकडे पाणी शिळं ठेवत नसत. हा आईच्या माहेरचा नेम, तो ती सासरी घेऊन आली. रोज सकाळी नळ आला की कालचं उरलेलं ओतायचं, हंडा-कळशी चिंचेने घासायची, मग नवं भरायचं. पण दोनशे लिटरचा ड्रम रोज कोण ओतणार? मग कालच्यावर आजचं, आजच्यावर उद्याचं. पाण्याला किंचित वास यायचा. आईने त्यावर उपाय काढला. बाजारातून वाळ्याची जुडी आणली, धाग्याने बांधली आणि ड्रमात सोडली. दर महिन्याला नवी जुडी.

झालं, आमचं पाणी मजल्यावर प्रसिद्ध झालं. नळ आला नाही की अख्खा मजला कळशा घेऊन आमच्या दारात. बारसं असो, सत्यनारायण असो, परबकाकूंच्या घरचे गणपती असोत, 'वाळ्याचं पाणी' आमच्याकडून जायचं. बाबांनी ड्रमावर पांढऱ्या रंगाने आपला मिलमधला हजेरीचा तिकीट नंबर लिहिला होता. नोकरीतून बाबांकडे उरलेली तेवढी एकच वस्तू.

माझं लग्न होऊन मी वरळीला बीडीडी चाळीत गेले, पण नोकरी फोर्टात. जुईला शाळेतून आई आणायची आणि संध्याकाळी मी लालबागहून तिला घेऊन जायची. म्हणजे लग्नाआधी चौदा वर्षं आणि लग्नानंतर रोज संध्याकाळी, मी ते पाणी प्यायले. आता जुई पीत होती.

*

तीन महिन्यांनी गाठ शेखरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, न शोधता दिसायला लागली. मग तोच मला ओढत परळच्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, पाण्याचा घोट घ्या. गळ्यावर बोट ठेवून म्हणाले, आणखी एक घ्या. मला हसूच आलं, माझ्या पोरीने केलेली तपासणी अगदी हीच होती. मग सुई घालून नमुना काढला आणि आठ दिवसांनी बोलावलं.

रिपोर्टच्या दिवशी कॅन्सर हा शब्द डॉक्टर इतक्या साध्या आवाजात बोलले की मला वाटलं शेजारच्या पेशंटचं सांगतायत. थायरॉइडचा आहे, काळजी करू नका, हा त्यातल्या त्यात बरा कॅन्सर. बरा कॅन्सर! चोर आलाय खरा पण मनाने चांगला आहे, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला पाट मांडू का? पण तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा मी फक्त विचारलं की मला मुलगी आहे, सात वर्षांची, तर मी तिची दहावी बघेन ना? डॉक्टर म्हणाले, तिचं लग्नही बघाल. त्या माणसाला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते.

बाहेर येऊन आम्ही टपरीवर चहा घेतला. शेखर नुसता चमच्याने चहा ढवळत राहिला. टपरीवरच्या चहाला साखर आधीच घातलेली असते. मी त्याच्या हातातून चमचा काढून घेतला, तेव्हा कुठे तो रडला.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. भीती मरणाची कमी होती, आवाजाची जास्त. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाची नस तिथूनच जाते. माझा सगळा जीव माझ्या तोंडात, बोलता आलं नाही तर मी घरात काय करू? शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द कसा येतो ते बघायला म्हणून मी शेखरला शिवी दिली. घोगरी आली, पण आली. तो इतका खूश झाला की त्याने सिस्टरला बोलावून आणलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या आयाबाई स्वतःहून मागे बसल्या आणि माझे केस विंचरून दोन वेण्या घातल्या, कारण मला मान वळवता येत नव्हती. आजारात माणूस मोठमोठ्या उपकारांची वाट बघत बसतं. मला आठवतात त्या ह्या दोन वेण्या.

*

टाके काढल्यावर ग्रंथींच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. वयाने माझ्याहून लहान, पण प्रश्न विचारायची हौस दांडगी. घरात कुणाला आहे का, कुठे राहता, वडील काय करत होते. मी सांगितलं, मिलमध्ये रंगखात्यात. आणि मोठ्या कौतुकाने पुढे म्हणाले, मिलचा ड्रम अजून आहे आमच्याकडे, त्यातलंच पाणी पितो. बाईंनी लिहिणं थांबवलं. कसला ड्रम, विचारलं.

मी फेसापासून वाळ्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, आपल्या शरीरात ग्रंथींचे रस निरोप्यासारखं काम करतात. काही रसायनं अशी असतात की ती त्या रसांच्या जागेवर जाऊन बसतात, शरीराला वाटतं खराच निरोप आला. कापडगिरण्यांच्या काही साबणांत तसलं असायचं. प्लास्टिकमध्ये ते मुरतं आणि पाण्यात थोडंथोडं उतरत राहतं. दिसत नाही, चव नाही, फार तर जरासा वास.

मला ते एका झटक्यात समजलं. बदली कामगार. जागा एकाची, उभा दुसराच, आणि हजेरी लागली की मुकादम चेहरा न बघता पुढे जातो.

मी विचारलं, म्हणजे माझी गाठ त्याने झाली? बाईंनी मान हलवली. "ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. असं पाणी प्यायलेल्या कितीतरी जणांना काही होत नाही, आणि न प्यायलेल्यांना होतं. पण पाणी बदलायला पुराव्याची वाट बघायची नसते. तुमची मुलगी अजून वाढतेय."

शेवटचं वाक्य घेऊन मी बाहेर आले.

*

ड्रम काढायचा हे ठरलं. बाबांना कारण सांगायचं नाही हेही ठरवलं. आयुष्यभर ज्या माणसाला कुणी आपली कायमची जागा दिली नाही, त्याने एक वस्तू मिरवत घरी आणली, लेकरांसाठी पारखून आणली, आणि त्याच लेकराने येऊन सांगायचं की तुम्ही आम्हाला हे पाजलंत? आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडणार कुणावर?

आईला मात्र सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "वास येय होतो गो. पयल्या दिवसापासून येय होतो." वाळा आपणच घातला, हे तिने बोलून दाखवलं नाही, मीही काढलं नाही. बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं तिच्याकडून वदवून घेतलं.

मग माझी खोटी नाटकं सुरू झाली. दादरहून नवंकोरं नळाचं पिंप आणून दिलं, वाढदिवसाची भेट म्हणून. बाबांनी आनंदाने घेतलं आणि त्यात तांदूळ भरले. म्हटलं, बाबा, ड्रम जुना झाला. ते म्हणाले, ह्याका काय धाड भरली? नुसता टकाटका वाजवून दाखवला. म्हटलं, मोरीत जागा होईल. ते म्हणाले, जागा करायची तर आधी तुझ्या आईच्या लोणच्याच्या बरण्या काढ. त्यावरून त्या दोघांचं जुंपलं आणि ड्रम राहिला बाजूला. मी जुईला घरून पाण्याची बाटली द्यायला लागले. ती शहाणी, बाटली दप्तरात ठेवायची आणि तहान लागली की आजोबांच्या ड्रमातलं प्यायची, कारण त्याला वास छान येतो.

*

ऑपरेशननंतर माझी एक परीक्षा बाकी होती. उरलेल्या पेशी मारायला किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी घ्यायची आणि तीन दिवस इस्पितळात एका खोलीत एकटीने राहायचं. त्याआधी, ग्रंथी काढल्यापासून सुरू झालेल्या थायरॉइडच्या रोजच्या गोळ्या काही आठवडे बंद, आणि दोन आठवडे खाण्यात आयोडीन बंद. म्हणजे नेहमीचं मीठ बंद आणि समुद्राचं जे जे काही ते सगळं बंद. मालवणच्या माणसाला मासे बंद म्हणजे काय, ते आईने थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, यापेक्षा गोळीच दोन वेळा घे. आयोडीन नसलेलं मीठ शोधत शेखर अख्खं लालबाग मार्केट फिरला.

गोळ्या बंद झाल्यावर माणूस मंदावतं. भर उन्हाळ्यात मला थंडी वाजायची. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसायला लागायचं. बोलायला तोंड उघडायचं तर शब्द वाटेत कुठेतरी अडायचा. ज्यांना ह्यातून जायचंय त्यांना सांगते, तेव्हा आपण संपलो असं वाटतं. तसं नसतं, रोजची गोळी सुरू झाली की माणूस परत येतं. पण ते आठवडे कुणाशी वाद घालू नका. मी घातला.

खोलीतून बाहेर आल्यावरही काही दिवस लहान मुलाजवळ जायचं नाही, अशी ताकीद होती. म्हणजे जुई दोन आठवडे लालबागला राहणार. दिवसरात्र. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी मी तिचे कपडे आणि सोबत पाण्याचे दोन मोठे कॅन घेऊन गेले. बाबांनी कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आमच्या घरचा पाणी चलना नाय आता तुझ्या चेडवाक?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. आमच्यात पाणी नाकारणं म्हणजे नातं तोडणं, आणि ह्या माणसाने सगळ्या मजल्याला पाणी दिलेलं. मी म्हटलं तसं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. ते म्हणाले, डॉक्टरांनी तुका सांगितला, तिका नाय. मग त्यांनी तांब्या घेतला, ड्रमातून बुडवून काढला आणि जुईपुढे धरला. ती हात पुढे करणार एवढ्यात मी तो तांब्या उडवला. पाणी भिंतीवर, वह्यांवर, बाबांच्या सदऱ्यावर.

मग सांगावंच लागलं. कोंबडं झाकून किती दिवस झाकणार. आईने जुईला गॅलरीत नेलं. मी भिंतीला टेकून, घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत सगळं सांगितलं. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते, आणि काय म्हणाल्या नाहीत तेही. दोनदा म्हटलं की ह्यानेच झालं असं कुणी म्हणत नाही. बदली कामगाराचं सांगितलं. तिथे त्यांनी मान हलवली, म्हणजे समजलं होतं. ओला सदरा अंगावर तसाच. शेवटी एवढंच बोलले.

"माका आधी कित्याक नाय सांगलंस?"

तुम्ही मोडाल म्हणून, असं बापाच्या तोंडावर म्हणता येत नाही. ते चपला घालून निघून गेले. आईने माळ्यावरून जुना तांब्याचा हंडा काढला. दुसऱ्या दिवशी मला पोचवायला बाबा इस्पितळात आले नाहीत.

*

त्या खोलीचं दार जाडजूड होतं. तिजोरीतून काढावी तशी गोळी एका जड डबीतून काढली, मी गिळली, आणि देणारा माणूस लगबगीने बाहेर गेला. त्यानंतर जेवण उंबऱ्याशी यायचं, सिस्टर दाराबाहेरून बोलायची. मला दोन कामं होती. आंबट गोळ्या चघळायच्या आणि पाणी प्यायचं. भरपूर पाणी. औषध लघवीतून, घामातून, थुंकीतून बाहेर पडतं, ते लवकर जावं म्हणून.

मी सिस्टरला विचारलं, मग हे सगळं जातं कुठे? ती म्हणाली, इथलं सांडपाणी वेगळ्या टाकीत साठवतात, औषधाचा जोर उतरला की मगच सोडतात. मला मिलमागचं गटार आठवलं. शाळेतून येताना आम्ही पोरी पैज लावायचो, आज कुठला रंग. लाल, निळा, कधी जांभळा. ते पाणी कुणीही अडवून ठेवत नव्हतं. ते जिथे जायचं तिथेही माणसं असतील, मासे असतील, आणि ते मासे आम्हीच खात होतो. आम्हाला त्यातलं एकच दिसायचं, रंग. साबण तर दिसायचाही नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. म्हणाली, बाबा सकाळीच जातात, जेवायला येतात, परत जातात. कुठे, ते सांगत नाहीत. रात्री पाठ करून झोपतात. मी फोन ठेवला आणि रडले. मग नाक पुसलेलं फडकंही वेगळ्या पिशवीत टाकायचं आहे, हे आठवलं.

आणि तिथेच मला बाबा कळले. ह्या घडीला माझ्या पोरीसाठी सगळ्यात धोक्याची वस्तू मी होते. मी, तिची आई. मी तिला जवळ घेतलं असतं तर ते प्रेमानेच घेतलं असतं आणि अपाय तरीही झाला असता. पण माझ्या दारावर पाटी होती. मला सांगणारं कुणीतरी होतं. बाबांना सांगणारं कुणी नव्हतं, आणि कळलं तेव्हा मीही महिनाभर लपवून ठेवलं. तो महिनाभर जुई तेच पाणी पीत होती. मी वडिलांचं मन सांभाळत होते आणि पोरीच्या घशात पाणी जात होतं. चूक मोजायला बसलं तर ड्रमाची चूक अजाणता झालेली, माझी जाणूनबुजून.

*

घरी आल्यावर वरळीच्या खोलीत मी वेगळी राहिले, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपल्यावर आणखी दोन दिवस थांबले आणि मग लालबागला गेले. गोळ्या परत सुरू झाल्या होत्या, तरी दुसऱ्या मजल्यापर्यंत तीनदा बसले.

जिन्यातच परबकाकू भेटल्या. म्हणाल्या, आम्ही दोघी-तिघी जाऊन गळा दाखवून आलो हो, काही नाही निघालं. मी विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला?

तेव्हा कळलं बाबा कुठे जात होते. खालच्या मजल्यापासून वरपर्यंत, ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून पाणी नेलं त्या प्रत्येकाचं दार त्यांनी वाजवलं होतं. खोली सोडून लांब राहायला गेलेल्यांचे पत्ते काढून तिकडेही गेले होते. प्रत्येक दारात तेच वाक्य. "आमच्या ड्रमातल्या पाण्यात दोष होतो. माका म्हायत नव्हता. तुमीव प्यालास, एकदा गळो दाखवून घेवा." काही हसले. एकाने, इतकी वर्षं पाजलंत आणि आता सांगताय, असं फडाफडा ऐकवलं. बाबा मान खाली घालून पूर्ण ऐकून घेत आणि पुढच्या दाराला जात. परबकाकू म्हणाल्या, संपात तांदूळ मागायला यायचे ना, तसेच उभे होते. माझ्या डोळ्यांना धार लागली. हा माणूस मोडेल म्हणून मी त्याला जपत होते.

खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. आत जायला आता हरकत नव्हती, पण पाय उंबऱ्याशीच थांबले. मोरीतल्या विटांवर ड्रम नव्हता. घासून लखलखीत केलेला हंडा होता, वर कळशी. आईने सांगितलं, भंगारवाला न्यायला तयार होता, पण बाबांनी दिला नाही. तो दुसऱ्या कुणाला पाण्यासाठीच विकेल म्हणाले. गच्चीवर नेऊन स्वतः करवतीने चार तुकडे केले. आई म्हणाली, नंबर होता तिथनंच करवत फिरवली. आता रोज पहाटे उठून बाबाच पाणी भरतात, कालचं उरलेलं ओततात, हंडा घासतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण आईला हात लावू देत नाहीत.

बाबा खाटेवर बसले होते. माझ्याकडे बघून उठले, हंड्यातून तांब्या भरला, उंबऱ्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर त्यांनी अजून सोडलं नव्हतं. मी तांब्या उचलला. गळ्यावरचा व्रण ताणला जातो म्हणून मान हळूच मागे केली आणि वरून धार धरली.

जुई आजीच्या पदराआडून माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, आई, आता बाजूचं नाही हलत.

तांब्या रिकामा करून मी खाली ठेवला. बाबा अजून तिथेच उभे होते.

"पाणी कसा लागता?" त्यांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. "कसलंच नाही लागत, बाबा. वासही नाही."

"मगे बरोबर," ते म्हणाले, आणि तांब्या उचलून पुन्हा भरायला वळले.